सहावा टाका

“या यंत्राला नुसता करंट पुरत नाही, मिनतवाऱ्या लागतात,” ताहिर ओठातल्या ओठात पुटपुटला. “तिसरं कडं जाळलं सकाळपासून. तिसरं.”

बोलणं कोणाला उद्देशून नव्हतं. पण त्याचं टेबल सनवबरच्या टेबलाला इतकं खेटून होतं, की तो मनात बोलला असता तरी तिला ऐकू गेलं असतं. हातातली तार वाकवता वाकवता तिने विचारलं, “टोकं घासलीस?”

“घासली.”

“तांबं लाल दिसेपर्यंत?”

“अपा,” मोठ्या बहिणीला हाक मारावी तसा तो म्हणाला, “लग्नात बायकोचं तोंड मी एवढं निरखून पाहिलं नव्हतं.”

“त्याचंच तर फळ भोगतोयस.”

तो हसला. हसू पुरतं उमटायच्या आतच म्हणाला, “तुम्ही बसा ना एकदा. पाच मिनिटांचं काम. तुमचं ऐकतं ते.”

सनवबरने तार उजेडात धरली, एक डोळा मिटून तिचा बाक पाहिला आणि ती परत वाकवायला घेतली. ताहिरने परत विचारलं नाही. सव्वा वर्ष हे असंच चाललं होतं. ती प्लास्टर कालवायची, साचे ओतायची, तारा वाकवायची, पॉलिशच्या चाकापाशी नाकातोंडात भुकटी जाईपर्यंत बसायची. पेडलला मात्र पाय लावायची नाही.

खुजंदमध्ये दात सरळ करून घ्यायचं वेड तसं अलीकडचं. ज्या आज्या सोन्याच्या दातांनी भरलेलं तोंड मिरवत फिरल्या, त्यांच्या नातींना आता दातांवर तार हवी असते. ती तार बसवायची तर दाढेला आधी पोलादी कडं लागतं. पातळ स्टेनलेसची पट्टी साच्यावरच्या दाढेभोवती आवळायची, तिचं कडं करायचं, कड्यावर तांदळाच्या दाण्याएवढी नळी ठेवायची, आणि दोन्ही मिळून यंत्राच्या तांब्याच्या टोकांमध्ये धरून पेडल दाबायचं. टक्. एक टाका पडला. टाका म्हणजे दिसायला सुईच्या अग्राएवढा करडा ठिपका. पण त्या ठिपक्यावर नळी उभी, नळीवर तार, आणि तारेवर एखाद्या पोरीचं दोन वर्षांनंतरचं हसू.

दातांच्या या लॅबमध्ये प्रत्येकाचे टाके ठरलेले होते. ताहिरचे तीन, चुलीच्या दगडांसारखे. सनवबरचे चार, एका ओळीत. आणि लॅबचे उस्ताद, उस्तो बुरहोन, यांचे पाच: चार कोपऱ्यांत चार आणि मधोमध एक. सही कोणी करत नसे. डॉक्टर कडं उलटून बघायचे आणि काम कोणाचं ते ओळखायचे. उस्तोंचे पाच दिसले की पुढे तपासायचेही नाहीत. सनवबरला नवऱ्याने सोडलं तेव्हा तिला फक्त शिवणकाम येत होतं. उस्तोंनी तिला या खोलीत आणलं, स्टुलावर बसवलं आणि म्हणाले, “सुई धरणारा हात आहे. स्टील काय, जरा जाड कापड.” त्याला आता एकोणीस वर्षं झाली.

मग उस्तोंचे डोळे गेले. एकदम नाही, सांजवेळ होते तसे. आधी ते दिवा जवळ ओढू लागले, मग साचा नाकाशी धरू लागले, मग चिमट्याने उचलायची नळी बोटांनी चाचपून उचलू लागले. खोलीत कोणी काही बोललं नाही. तेही बोलले नाहीत. त्यांचे पाच ठिपके कधी तिरके पडू लागले, कधी दोन एकमेकांवर चढू लागले. तेव्हा एका संध्याकाळी, ते घरी गेल्यावर, सनवबरने त्यांचं एक काम उचललं, नळी सोडवली, कडं घासलं, आणि पुन्हा पाच टाके मारले. नीट. चार कोपऱ्यांत चार, मधोमध एक. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, उस्तोंचा हात अजून तस्साच आहे. उस्तोंच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून तिला वाटलं, एवढ्यासाठी रोज अर्धा तास थांबायला काय हरकत आहे.

असं दोन वर्षं चाललं. म्हाताऱ्याला कळलं नाही. निदान कळलं असं त्याने दाखवलं नाही.

मिजगोना नऊ वर्षांची होती. तिची आई ओयनिसो पुढच्या गल्लीत तंदूर चालवायची; लॅबमध्ये दुपारचा नान तिच्याकडूनच यायचा आणि तो घेऊन यायची मिजगोना. स्वतःचं कडं बनणार आहे म्हटल्यावर तिने हट्टच धरला की बघणार. उस्तोंनी तिला शेजारी बसवलं. त्यांनी पेडल दाबलं की ती मोठ्याने मोजायची. एक. दोन. तीन. चार. पाच. “संपलं?” “संपलं, राजकन्ये.” मग ती घरी पळाली. त्या दिवशी वीज दुपारनंतर कमी-जास्त होत होती, जानेवारीत सगळं गाव विजेच्या शेगड्या लावतं तसं.

उस्तो घरी गेल्यावर सनवबरने ते कडं उजेडात धरलं. ठिपके तिरके होते, एक तर जवळजवळ काठावर. तिने पक्कड लावली. नळी निघेना. पक्कड दोनदा निसटली, तिसऱ्यांदा मनगटाला झटका बसला तेव्हा कुठे नळी सुटली, तीही कड्यावर खड्डे पाडून. तिने खड्डे दगडाने घासून सपाट केले. तिथला पत्रा कागदासारखा पातळ झाला. नवीन कडं करायला हवं होतं. पण पट्टी उस्तोंच्या मोजणीतली होती, एक कमी झाली असती तर त्यांनी विचारलं असतं. पत्र्याला भोक पडू नये म्हणून तिने करंट उतरवला आणि पाच टाके मारले. चमकदार, गोल, जागच्या जागी. कमी करंटचा टाका वरून तसाच दिसतो, आत किती धरला ते दिसत नाही. रोज सकाळी पट्टीच्या दोन चिंध्या टाके मारून जोडून त्या फाडून बघायची या खोलीची रीत होती. पत्रा फाटेपर्यंत टाका सुटता कामा नये. त्या संध्याकाळी तिने काही फाडून पाहिलं नाही. सकाळी पाहिलं होतं ना.

कडं दाढेवर बसलं, आणि पुढे पोर महिनाभर खोकली. थंडीचा खोकला म्हणून आईने मध दिला, लोणी घातलेला चहा दिला, शेजारणीने मेंढीची चरबी चोळली. नळी दाढेवर नाही हे कोणाच्या लक्षात आलं नाही. तार हलते म्हणून डॉक्टरांनी आधीच काढून ठेवली होती. छातीचा फोटो काढला तेव्हा फुप्फुसात तो तांदळाचा दाणा दिसला. मोठ्या इस्पितळात, दुशान्बेला, नेताना शहरिस्तानच्या घाटात बर्फामुळे गाड्या अडल्या होत्या. मिजगोना घाटातच गेली.

निघायच्या आधी डॉक्टरांनी तिच्या दाढेवरचं कडं काढून घेतलं होतं. पुढे ते लिफाफ्यात घालून लॅबमध्ये आणून दिलं. उस्तोंनी त्यावरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. “पाच आहेत,” ते म्हणाले. “माझेच.” मग थोडं थांबून: “नीट बसलेत.” ते सांगत होते की विचारत होते, हे सनवबरला तेव्हाही कळलं नाही आणि नंतर कितीही रात्री कूस बदलूनही कळलं नाही. त्याच दिवशी उस्तो ओयनिसोच्या दारात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले की माझ्या हातून झालं. ओयनिसोने दार लावून घेतलं. उस्तो परत लॅबमध्ये आले नाहीत.

त्यानंतर आठवडाभराने सनवबर एका मुलाचं कडं करायला यंत्रावर बसली. पहिला टाका. एक, असं कोणीतरी म्हणालं. कानाशी नाही, खोलीतही नाही. जिथे आपण स्वतःशी मोजतो तिथे, पण आवाज तिचा नव्हता. दोन. तीन. चार. तिचे टाके संपले. तिने पाय उचलला. आवाज थांबला नाही. पाच, तो म्हणाला. मग श्वास घ्यायला थांबल्यासारखा थांबला. सहा.

ती उठली ती उठलीच.

आता ताहिर यंत्रावर बसला तरी तेच. त्याचे तीन टाके पडायचे आणि सनवबरच्या डोक्यात मोजणी पुढे सरकायची, नव्या पावलांनी जिना चढणाऱ्या मुलीसारखी, चार, पाच, सहा, सात, आठ, नऊ, दहा. दहाच्या पुढे कधी गेली नाही. पाच उस्तोंचे आणि पाच तिचे. मिजगोना घरी पळाल्यावर मोजायला कोणी नव्हतं, आणि आता कोणीतरी राहिलेलं मोजून घेत होतं. फळीवर साच्यांची रांग होती, सगळे जबडे उघडे. मिजगोनाचा साचा ताहिरने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. फेकून द्यायला कोणाचा हात धजला नव्हता. धूळ झाडताना सनवबर तेवढी एक जागा सोडून द्यायची, आणि म्हणून त्या साच्याभोवती धुळीचं नीट वर्तुळ झालं होतं.

त्या दिवशी तिसऱ्यामागून ताहिरचं चौथं कडं जळायच्या बेतात असताना खोला हाजर दारात आल्या. खोला म्हणजे मावशी. उस्तोंच्या बायकोला सगळा मोहल्ला खोलाच म्हणायचा. त्या आत आल्या नाहीत, उंबऱ्यातच चपला काढून उभ्या राहिल्या.

“चार दिवस झाले, चहाशिवाय पोटात काही नाही,” त्या म्हणाल्या. “एकच घोकतात. ओयनिसो राजी झाल्याशिवाय मला मातीत घालू नका. आता मी काय करू? मातीत नको तर काय तिजोरीत ठेवू?” त्यांनी ओढणीने नाक पुसलं. “सनवबरजान, तू परत जा गं.”

“दोनदा जाऊन आले, खोला.”

“तिसऱ्यांदा जा. मी गेले तर ती मला पीठ लागलेल्या हाताने मिठी मारते आणि रडते, आणि मीही रडते, आणि मुद्दा राहून जातो.”

इथे मरणाऱ्या माणसाने ज्यांचं काही देणं लागतं त्या सगळ्यांकडून राजी, म्हणजे मनापासूनची माफी, घेऊनच जायचं असतं. शेजारणीशी दहा वर्षांपूर्वी कोंबडीवरून झालेलं भांडणही मिटवून घेतात. ‘मी राजी आहे’, तीनच शब्द. ओयनिसोने ते दोनदा नाकारले होते.

खोला गेल्या. सनवबरने अॅप्रन काढला.

“काय सांगणार आहात तिथे?” ताहिरने विचारलं.

“बोलावणं पोचवणार.”

“अपा.” त्याने यंत्र बंद केलं. “म्हातारा उभा जन्म हाताच्या नावावर जगला. तेवढं तरी बरोबर नेऊ दे त्याला. त्याला कळलं की दोन वर्षं त्याच्या पाठीमागे आपण...”

“आपण नाही. मी.”

“दिवा कोण धरत होतं? एकदा सर्दी झाली होती तुम्हाला, नाक पुसायलासुद्धा मी मदत केली.”

“आणि पोर स्वतःच्या हातून गेली असं समजून तो चाललाय, त्याचं काय?”

 ताहिरने कानस उचलली आणि आधीच लाल असलेली तांब्याची टोकं परत घासायला घेतली.

ओयनिसो तंदुरापाशी होती. खिळ्यांचा ठसा हातात घेऊन ती कणकेच्या गोळ्यांवर मधोमध मारत होती. प्रत्येक नानच्या पोटात ठिपक्यांचं फूल उमटत होतं. सनवबरने नजर तिच्या हातावरून काढून खांद्यावर ठेवली. सव्वा वर्ष ती लांबच्या वाटेने, रेल्वेच्या बाजूच्या दुकानातून नान घ्यायची. जाडा, अळणी, दुसऱ्या दिवशी दगड.

“परत पाठवलं?” ओयनिसोने मान न वळवता विचारलं.

“हो.”

“तुम्हाला कंटाळा येत नाही, अपा?”

“येतो.”

त्यावर ओयनिसो जरा हसल्यासारखी झाली. तिने हात तंदुरात खांद्यापर्यंत घालून एक नान भिंतीला चिकटवला. “मला एक सांगा. मी राजी व्हायचं ते कशाला? सगळे म्हणतात, नशिबात होतं. मुल्ला म्हणतो. डॉक्टर म्हणतो, लाखात एखाद्याला होतं. उस्तो म्हणतात माझ्या हातून झालं. पण काय झालं ते कोणी सांगत नाही. माझ्या कणकेत मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक विचारतं, का गं कमी पडलं. मी सांगते, मूल रडत होतं, विसरले. एवढं साधं. माझं मूल गेलं, आणि मला कोणी साधं सांगत नाही, कोण काय विसरलं होतं ते.”

 सनवबरने बोलायची हीच वेळ होती. दोघीच होत्या. पण आधी इथे सांगितलं, तर म्हाताऱ्याला ते मोहल्ल्याकडून कळणार. खिडकीतून, भिंतीपलीकडून, कोणाच्या तरी हळहळत्या आवाजात. ती गप्प राहिली, आणि गप्प राहायला आपल्याला नेहमीच एखादं चांगलं कारण सापडतं, हेही त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं.

“येते मी,” ओयनिसो म्हणाली. “माफ करायला नाही. ऐकायला. एवढी खेप निघाली की येते.”

दोघी गल्लीतून निघाल्या. जर्दाळू फुलून गेले होते, पाटात पाकळ्यांचा चिखल झाला होता. ओयनिसोची पावलं सनवबरच्या मागून येत होती. सनवबर ती मोजत होती, आणि मोजू नये म्हणून दुसरं काहीतरी आठवत होती, आणि तरी मोजत होती. दहा झाले की आवाज पुन्हा एकपासून सुरू करायचा.

उस्तो खिडकीखाली गाद्यांवर होते. अंगाचं चिपाड झालं होतं, फक्त हात मोठे राहिले होते. दारातल्या उजेडाकडे त्यांनी तोंड वळवलं. कोण आलंय ते पावलांवरून ओळखलं.

“ओयनिसो,” ते म्हणाले. “ये, पोरी. हाजर, चहा.”

“चहा नको, उस्तो.”

“घे. चहाला राग नसतो.”

ती बसली. खोलांनी पियाला तिच्यासमोर ठेवला. तो तिथेच राहिला. सनवबर दाराजवळ टेकली, जिथे धाकटे बसतात.

“मी मागतोय ते तुला माहीत आहे,” उस्तो म्हणाले. “मागायचा हक्क नाही, तेही माहीत आहे. माझा हात चुकला. पन्नास वर्षं चुकला नाही आणि त्या दिवशी चुकला.”

“कसा चुकला?”

 म्हाताऱ्याचा अंगठा चादरीवरून फिरू लागला, कापडाच्या विणीतून काहीतरी शोधत असल्यासारखा.

“तिने मला येऊन सांगितलं होतं,” ओयनिसो म्हणाली. आवाज शांत होता, पीठ मोजताना असतो तसा. “उस्तो पाच टाके मारतात, मी मोजले, असं. जेवताना सांगितलं, झोपताना सांगितलं. भावाला बोटांवर करून दाखवलं. पाच होते ना?”

“पाचच होते.”

“यंत्र नीट होतं?”

“नीट होतं.”

“तुम्ही दर वेळी मारता तसेच मारले?”

“तसेच.”

“मग काय चुकलं, उस्तो? पाच होते, तसेच होते, तर माझ्या पोरीच्या तोंडातून ती नळी सुटली कशी?”

 उस्तोंचे ओठ उघडले आणि मिटले. ‘मला दिसत नव्हतं’ हे तीन शब्द त्यांच्या जिभेवर येऊन परत जाताना सनवबरला दिसले. म्हाताऱ्याने हत्या पत्करली होती, पण आंधळेपण अजून पत्करलं नव्हतं. खोला हाजर किटलीच्या झाकणाशी चाळा करत होत्या. त्यांनी एकदाच डोळे उचलले आणि दाराजवळ पाहिलं. म्हणजे त्यांनाही माहीत होतं. ताहिरला माहीत होतं, खोलांना माहीत होतं, कदाचित चादरीवरून फिरणाऱ्या त्या अंगठ्यालाही माहीत होतं. सगळे एकमेकांना जपत बसले होते, आणि ज्या एकीला जपायला हवं होतं ती घाटात राहिली होती.

सनवबरचं मनगट दुखू लागलं. पक्कड निसटली होती तिथेच. केवढी घट्ट होती ती नळी.

“सनवबर-अपा,” ओयनिसो वळली नव्हती. “तुम्ही होतात ना तिथे?”

“होते,” सनवबर म्हणाली. ती दाराजवळून उठली, पुढे आली आणि उस्तोंच्या गादीच्या कडेला, दोघांच्या मध्ये, गुडघ्यांवर बसली. तिने म्हाताऱ्याचा हात धरला नाही. धरला असता तर बोलता आलं नसतं.

“उस्तोंना दिसत नव्हतं, ओयनिसो. दोन वर्षं दिसत नव्हतं. त्यांनी जोडलेली नळी वाकडी होती, पण पक्की होती. ती मी उपटून काढली, कोणाला त्यांचे डोळे कळू नयेत म्हणून. तुझ्या पोरीच्या तोंडातून सुटली ती मी जोडलेली.”